कावासाकी केएलआर ६५०

कावासाकी केएलआर ६५० ही पक्क्या व कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी बनवलेली एक-सिलिंडर जपानी मोटारसायकल आहे. ती १९८७ मध्ये बाजारात आली. तिचे ६५१ घनसेंमी क्षमतेचे, द्रवाने थंड होणारे चार-स्ट्रोक इंजिन २००७ पर्यंत फारसे न बदलता वापरात राहिले. या पहिल्या पिढीतील गाड्यांच्या देखभालीत पुढील दोन भाग महत्त्वाचे ठरतात.

बॅलन्सरची साखळी

एकाच सिलिंडरमुळे निर्माण होणारी कंपने कमी करण्यासाठी इंजिनात साखळीने फिरणारे दोन बॅलन्सर असतात. ही साखळी झिजून सैल पडते. बाहेरील बोल्ट ढिला करताच स्प्रिंग आतील तरफ ओढते व साखळी ताणली जाते; त्यानंतर बोल्ट पुन्हा आवळतात. मात्र मूळ तरफ किंवा स्प्रिंग तुटलेली असल्यास बोल्ट ढिला करूनही साखळी ताणली जात नाही, आणि सुटलेले तुकडे इंजिनाचे नुकसान करू शकतात. हा दोष बाहेरून दिसत नाही. त्यामुळे जुनी गाडी घेतल्यावर इंजिनाच्या डाव्या बाजूची झाकणे व रोटर काढून तरफ तपासणे आणि तिच्या जागी अधिक मजबूत तरफ बसवणे इष्ट असते. २००८ च्या आवृत्तीत तरफेची रचना बदलण्यात आली.

व्हॉल्व्हची फट

इंजिन थंड असताना ही फट फीलर गेजने मोजतात. ती इनटेकसाठी ०.१० ते ०.२० मिमी, तर एक्झॉस्टसाठी ०.१५ ते ०.२५ मिमी असावी लागते. वापराने फट कमी होत जाते. ती नाहीशी झाल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गाडी सुरू होण्यास अडचण येते आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. योग्य जाडीची शिम बसवून फट पूर्ववत करतात.