पाहणीतून आलेली पटकथा

सुमित्रा भावे यांचं नाव निघालं की लोक पटकन म्हणतात, "सामाजिक विषयांवर सिनेमे काढायच्या त्या." तालुक्याच्या गावात फिल्म सोसायटी चालवताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते ऐकवत नाही. विषय पुष्कळांकडे असतात. विषयाजवळ बसून राहण्याची शिस्त भावेंकडे होती, आणि ती त्यांनी सिनेमाच्या जगाबाहेर कमावली होती.

जन्म पुण्याचा, १९४३चा. समाजशास्त्र शिकल्या, मुंबईला टाटा समाजविज्ञान संस्थेत गेल्या, मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत बरीच वर्षं शिकवलं. वस्तीतल्या बायकांवरचं संशोधन ज्यांच्याविषयी असतं त्यांनाच वाचता येत नाही, हे त्यांना खुपत होतं. त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. सिनेमाचं कसलंही शिक्षण न घेतलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईंच्या या पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पाठोपाठ 'पाणी'लाही. याच काळात सुनील सुकथनकर जोडीला आले आणि पुढची पस्तीस वर्षं दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं. पटकथा मात्र भावेंची असायची. कपडेपट आणि घराची मांडणीही त्याच पाहायच्या.

'दोघी' १९९५चा. लग्नाच्या दिवशीच नवरा मुलगा अपघातात जातो आणि गौरी पांढऱ्या पायाची ठरते. मामा तिला मुंबईला नेतो. तिथून ती पैसे पाठवते, त्यावर घर चालतं. धाकट्या बहिणीचं, कृष्णाचं लग्न ठरतं, तेव्हा मात्र गौरी मांडवात नको असते. उत्तरा बावकरांनी केलेली आई मी अनेकदा पाहिली. तिचा रागच करता येत नाही. ती दुष्ट नाही, भेदरलेली आहे. पाहणी करणारा माणूस समोरच्याला आधी दोषी ठरवत नाही, ती सवय या पटकथेत उतरली आहे.

पैसा ही कायमची अडचण. म्हणून निर्माते भलतीकडून मिळाले. 'देवराई'साठी (२००४) स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करणारे जगन्नाथ वाणी उभे राहिले. पुढे मोहन आगाशे अभिनयाबरोबर निर्मितीतही आले. तरीही 'अस्तु' पडद्यावर यायला २०१६ उजाडलं. सिनेमा तर २०१३ सालीच तयार होता. संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या चित्रपटाला थिएटर मिळू नये, याचा मला आजही संताप येतो.

'अस्तु'तले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित. स्मृतिभ्रंश झालेला. मुलीच्या गाडीतून उतरून ते रस्त्यावरच्या हत्तीमागे चालू लागतात, आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाषने ती केलीय. चन्नम्माला शास्त्रींची विद्वत्ता ठाऊकच नाही, म्हणून ती गेल्याचं दुःखही नाही. मुलगी मात्र वडिलांमध्ये जुने वडील शोधत राहते. आमच्याकडे खेळ संपल्यावर एक गृहस्थ खुर्चीतून उठलेच नाहीत. नंतर सांगितलं, "आईवर रोज ओरडतो मी." चर्चा तिथेच सुरू झाली, ती रखवालदाराने दिवे घालवेपर्यंत.

'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई' धरून मराठीचं ते पाचवं. तेव्हा सगळ्यांनी भावेंचं कौतुक केलं. पण त्यांच्या पटकथांची कला अजून नीट अभ्यासली गेलेली नाही. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा 'दिठी' पाहा. मुलगा बुडून गेलेला रामजी लोहार, अडलेली गाय, पाऊस. एवढ्यावर त्यांनी अख्खा चित्रपट तोलला आहे, आणि त्यात 'विषय' कुठे चिकटवलेला दिसत नाही.

१९ एप्रिल २०२१ला पुण्यात त्या गेल्या. 'दिठी' त्यानंतर महिनाभराने घराघरांतल्या पडद्यांवर आला. तुमच्या गावात चार खुर्च्या आणि एक प्रोजेक्टर असेल तर आधी 'दोघी' लावा, आणि खेळानंतर लोकांना बोलू द्या.