झडप नवी, हृदय मात्र जुनें



आमच्या भंडारा जिल्ह्यांत कोहळी लोकांनीं बांधलेले जुने तलाव पुष्कळ आहेत. तलावाचें पाणी सोडण्याचें दार मोडलें तर नवें बसवितां येतें. परंतु तलावच गाळानें भरला असेल तर नव्या दारानें पाणी वाढत नाहीं. मनुष्याच्या हृदयाविषयीं हीच गोष्ट उमगून तिची सोपी परीक्षा हातीं येण्यास वैद्यकशास्त्राला दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१८५४ सालीं जर्मन वैद्य रुडॉल्फ विर्शो याला मेंदूंतील कांहीं कणांवर आयोडीन टाकतांच पिष्टाप्रमाणें निळसर रंग आलेला दिसला. म्हणून त्यानें त्या द्रव्यास 'अमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखें, असें नांव दिलें. १८५९ त फ्रीडराइश व केकुले यांनीं तें पिष्ट नसून प्रथिनासारखें आहे असें दाखविलें; नांव मात्र तेंच राहिलें. १९२२ त बेनहोल्ड यानें सुती कापड रंगविण्याचा 'काँगो रेड' रंग या परीक्षेस लाविला, व १९२७ त बेल्जममधील दिव्री यानें ध्रुवित प्रकाशांत तोच रंग हिरवा चमकतो हें दाखविलें. परंतु या परीक्षेस शरीराचा तुकडा काढावा लागे. हृदयाचा तुकडा काढणें सोपें नव्हे. त्यामुळें पुष्कळांचा रोग मरणानंतरच कळे.

झडपांचा इतिहास निराळा. १९६० त अमेरिकेंत अल्बर्ट स्टार यानें कृत्रिम झडप हृदयांत यशस्वीपणें बसविली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें, आणि १९९० त त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत भारतीय बनावटीची झडप प्रथम बसविली गेली. आपल्याकडे झडप बिघडे ती बहुधा बालपणींच्या संधिवाताच्या तापानें. रुग्ण तरुण असत. चुना सांचून आखडणारी वृद्धांची झडप आयुर्मान वाढल्यावर पुढें आली. २००२ सालीं फ्रान्समधील आलँ क्रिबिए यानें छाती न उघडतां, रक्तवाहिनींतून नळी घालून झडप बसविली, आणि ऐंशी उलटलेल्यांनाही हा उपाय खुला झाला.

येथें दोन्ही इतिहास एकत्र येतात. यकृतांत तयार होणारें ट्रान्सथायरेटिन नांवाचें प्रथिन कांहीं वृद्धांत विस्कटतें व त्याचे तंतू हृदयाच्या भिंतींत सांचतात. भिंती जाड व ताठ होतात. आंत रक्त कमी मावतें. मग झडप नवी असूनही दम लागतो, पाय सुजतात. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासांत नळीच्या मार्गानें झडप बसविलेल्या १५१ रुग्णांपैकीं २४ जणांत हा रोग आढळला.

आतां तुकडा काढावाच लागतो असें नाहीं. हाडांत जमणारें टेक्नेशियमयुक्त द्रव्य शिरेंतून दिलें असतां रोगी हृदय चित्रांत उजळून दिसतें. २०१६ त प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानें या परीक्षेस आधार दिला. तिच्याबरोबर रक्त व लघवी तपासणें अवश्य आहे. कारण अस्थिमज्जेंतून उद्भवणारी अमिलॉइडची दुसरी जात अधिक घातक असून तिचा उपचार निराळा आहे. ट्रान्सथायरेटिनच्या रोगावर टाफामिडिस या औषधानें मृत्यु कमी होतात, असें २०१८ त सिद्ध झालें. सांचलेलें तें काढीत नाहीं; पुढचें सांचणें मंद करितें. म्हणून रोग लवकर ओळखण्यास महत्त्व आहे.

झडप बदललेल्या प्रत्येकाची ही परीक्षा करावी असें माझें म्हणणें नाहीं. परंतु वृद्ध रुग्णाचा दम ओसरत नसेल, हृदयाची भिंत जाड असूनही विद्युत्-आलेख दुबळा असेल, किंवा दोन्ही हातांना वर्षानुवर्षें मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना अमिलॉइडविषयीं अवश्य विचारावें. लाखांदूरकडे अशा मुंग्या धानाच्या रोवणीच्या कष्टावर घालून आपण मोकळे होतों, आणि दम लागला तर 'वय झालें' म्हणतों. विर्शोनें द्रव्यास चुकीचें नांव दिलें, त्यानें रुग्णाचें कांहीं बिघडलें नाहीं. रोगाला म्हातारपण हें नांव दिलें, तर मात्र औषधाची वेळ निघून जाते.