वॉटच्या आकड्यामागे काय दडले आहे?

‘शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर’ म्हटले की दहा वॉटच्या दहापट आवाज, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात वॉट हे दर सेकंदाला दिल्या जाणाऱ्या ऊर्जेचे माप आहे, आवाजाचे नव्हे. शक्ती दहापट केली, तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. शिवाय तो आकडा कसा मोजला, हा प्रश्न उरतोच. गिटारवादकांना हा प्रश्न जळालेल्या स्पीकरांनी शिकवला.

पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’च्या धर्तीवर केन ब्रॅन व डडली क्रेव्हन यांनी १९६२ च्या सुमारास तेथे ‘जेटीएम ४५’ हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. स्वच्छ आवाजात त्याची शक्ती सुमारे ३० वॉट होती. त्या काळचे सेलेशन कंपनीचे १२ इंची स्पीकर प्रत्येकी १५ ते २० वॉट सोसत. हिशेबाने दोन पुरायला हवेत. पण दोन टिकेनात. अखेर एका बंद पेटीत चार स्पीकर बसवावे लागले.

असे का झाले, हे फळ्यावर सहज मांडता येते. समजा, स्पीकरचा रोध ८ ओहम आहे आणि अ‍ॅम्प्लिफायर जास्तीत जास्त २० व्होल्ट देऊ शकतो. शक्ती म्हणजे विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध. साइन तरंगाच्या माथ्यावर ती ४०० भागिले ८, म्हणजे ५० वॉट होते. सरासरी मात्र त्याच्या निम्मी, २५ वॉट. वादकाने आवाजाची कळ पूर्ण फिरवली की तरंगाचे माथे २० व्होल्टवर छाटले जातात आणि तरंग चौकोनी होत जातो. पूर्ण चौकोनी तरंगाची सरासरी शक्तीच ५० वॉट! यंत्र तेच, पण स्पीकरच्या वेटोळ्यातील उष्णता दुप्पट.

अमेरिकेत घरगुती संगीतयंत्रांच्या जाहिरातींत याच गणिताचा भलताच उपयोग होऊ लागला. माथ्यावरची क्षणिक ५० वॉट शक्ती घ्यायची, दोन बाजूंची बेरीज करायची आणि २५ वॉटच्या यंत्रावर ‘१०० वॉट’ छापायचे. तेव्हा १९७४ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला : अखंड सरासरी शक्तीच सांगा, ती किती ओहमवर, कोणत्या कंप्रतांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह मोजली, तेही सांगा. २०२४ मध्ये या अटी सर्व उत्पादकांसाठी एकसारख्या करण्यात आल्या.

हा नियम घरगुती करमणुकीच्या यंत्रांपुरता आहे. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेणाऱ्याने हे प्रश्न स्वतःच विचारायचे असतात. आणि कळ पूर्ण फिरवण्याचा बेत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वच्छ शक्तीच्या दुप्पट सोसणारे स्पीकर घ्यावेत.