करवीर राज्यातील गावगाडा आणि १९१८ चा हुकूम

देवाचा उत्सव म्हटला की पालखीला खांदा कोणाचा, मशाल कोणाची, वाजंत्री कोणाची, हे पूर्वी गावोगाव ठरलेले असे. या मानपानामागे वतनाची व्यवस्था होती. पाटील-कुलकर्णी हे गावचे वतनदार आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आदी मंडळी बलुतेदार. (बारा बलुत्यांच्या याद्या मात्र सगळीकडे एकसारख्या आढळत नाहीत.) वर्षभर काम करावयाचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावयाचा. पोट भरे हे खरे; पण बापाचाच धंदा मुलाने चालवावयाचा आणि पंगतीतील जागाही जन्मानेच ठरावयाची. महार-मांगांना तर देवाचे दर्शन बाहेरूनच.

सर्वांत जड ओझे महार वतनदारांवर होते. वेशीची राखण, सरकारी टपाल व साऱ्याची रक्कम कचेरीत पोचविणे, शिवेच्या तंट्यात हद्द दाखविणे, मेलेली जनावरे ओढणे ही सारी कामे त्यांची. मोबदला म्हणजे इनामाचा लहानसा तुकडा, बलुते आणि घरोघर मागावयाची भाकरी. भाऊबंदकीत त्या तुकड्याच्या चिंधड्या होत. हाक मात्र घरातील कोणालाही, वेळी-अवेळी येई. नाव वतनाचे, पण प्रत्यक्षात ती वेठच होती.

राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली करवीरच्या राज्यकारभारावर आले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. तो हुकूम सर्वश्रुत आहे. खेड्यातील माणसाच्या दाराशी पोचलेला बदल मात्र १९१८ चा. त्या साली महार वतने रद्द होऊन जमिनी रयतावा झाल्या. सारा भरावा, जमीन कसावी. गावकीच्या हाकेला बांधील राहण्याचे कारण उरले नाही. कुलकर्णी वतनाच्या जागी पगारी तलाठीही तेव्हाच आले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्याआधी, १९१७ साली निघाला होता. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ साली बंद करण्यात आल्या.

नुसत्या हुकमाने माणसे बदलत नाहीत, हे महाराज जाणून होते. म्हणूनच गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः जाऊन चहा घेत.

शेजारच्या मुंबई इलाख्यात महार वतने तशीच चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली त्यासंबंधी विधिमंडळात विधेयक मांडले, पण ते तडीस गेले नाही. तिकडच्या वेशीवरील हाक थांबण्यासाठी १९५८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.