एका संख्येचे दोन धनी

सुरतेहून मुंबईला जाताना वापी, संजाण मागे पडले की डहाणू रोड येते. याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ शिक्षकी केली.

आज एकाच संख्येविषयी लिहितो : १२३४५६५४३२१. म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. उलटी वाचा, तीच राहते. ती १११११११ची नव्हे, सहा एकांची, म्हणजे १११११ च्या पुढे आणखी एक मांडून होणाऱ्या ११११११ ची वर्गसंख्या आहे. तिच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचाच वर्ग. ३, ७, ११, १३ आणि ३७ हे तिचे मूळ अवयव, प्रत्येक दोनदा.

ही संख्या इ.स. ८५०च्या सुमारास महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दिली. हे जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले. तेव्हा आपल्या या लाट प्रदेशावरही राष्ट्रकूटांच्याच शाखेचे राज्य होते. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, असे त्यांनी तिचे वर्णन केले. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, तीच मिळेल. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले तर १००००००००१ येतात. अशा गुणाकारांना त्यांनी गळ्यातल्या हाराची उपमा दिली. १९६३ साली हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने हिंदी अनुवादासह छापला.

तो वाचल्यापासून मी अभिमानाने सांगत असे, "आमच्या आचार्यांनी हे आधीच लिहून ठेवलंय. कापरेकरांनी नवं काय केलं?" हे बोलणे चुकीचे होते, ते आज इथे कबूल करतो.

कापरेकरांनी विचारले, या संख्येचे भाऊबंद कोण? १२३४५ आणि ५४३२१ यांची बेरीज करा : ६६६६६. मधला अंकही ६. १६५ पाहा : १ आणि ५ मिळून मधले ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. दोन टोकांची बेरीज मधल्या अंकाच्याच आवृत्तीची, अशा संख्यांचा त्यांनी एक वर्ग बांधला आणि कल्पना सुचली त्या डोंबिवली स्टेशनवरून त्यांना 'डेम्लो' नाव दिले. नऊ एकांच्या वर्गापर्यंत हार सुबक राहतो. दहा एकांना हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा मध्येच तुटतो.

आचार्यांनी हार ओवला, मास्तरांनी त्याची जात ओळखली. दवाखान्यात ताप सर्वांनाच दिसतो, पण कोणते ताप एका जातीचे, हे ठरवणे वेगळे काम आहे.

या कामाला पुष्कळांनी पोरखेळ म्हटले. कापरेकरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती. काही पुस्तिका त्यांनी खासगी छापल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा जगाला ते कळले. १९८६ साली ते गेले.

घरातले मूल वहीत १११ गुणिले १११ करत बसले, तर "परीक्षेत येणार आहे का?" असे विचारू नका. दहा एकांपर्यंत जाऊ द्या.