शिडी आणि झाड : उत्क्रांतीच्या गोष्टींचा मागोवा

उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाला विज्ञानाच्या तासाला ‘इर्तिका’ हा शब्द भेटतो, मराठी शाळेतल्या मुलाला ‘उत्क्रांती’. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हे दोन्ही शब्द एकाच छपराखाली नांदतात. दोन्हींच्या मुळाशी वर चढण्याची कल्पना आहे. इर्तिका म्हणजे पायरीपायरीने वर जाणे. उत्क्रांतीतला ‘उत्’ हा उपसर्गही वरच नेतो. गंमत अशी की ज्या चार्ल्स डार्विनच्या सिद्धांतासाठी आपण हे शब्द वापरतो, त्याने १८५९ च्या आपल्या ग्रंथात भर दिला तो वंश बदलत बदलत खाली उतरत येतो या कल्पनेवर. आजोबांपासून नातवापर्यंत घराणे उतरत येते, तसे. त्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती आहे फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची. म्हणजे डार्विनने झाड काढले आणि आपण शब्दांत शिडी ठेवली.

हा दोष केवळ आपल्या भाषांचा नाही. वाकलेल्या माकडापासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची रांग दाखवणारे चित्र जगभर सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने ते १९६५ मध्ये आदिमानवावरील एका लोकप्रिय पुस्तकासाठी काढले. मूळ चित्रात पंधरा आकृत्या आहेत. त्यांतले सगळेच एकमेकांचे पूर्वज नव्हते. पण चित्र पाहणाऱ्याला रांग दिसते, आणि रांगेला शेवट असतो. त्या शेवटाला आपण स्वतःला उभे करतो. कथा-कादंबऱ्यांनी हेच काम झालिंगरच्या शंभर वर्षे आधीपासून चालवले होते. गोष्टीला आरंभ, मध्य आणि शेवट लागतो. झाडाला तसा शेवट नसतो. मग कथाकार झाडाची शिडी करतो. प्रश्न एवढाच उरतो की त्या शिडीच्या वरच्या पायरीवर कोण बसणार आणि खालच्या पायरीवर कोणाला बसवले जाणार.

आपल्या परंपरेतही शिडी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दहाव्या शतकात बसऱ्यात ‘इख्वान-उस-सफा’ नावाचे विद्वानांचे एक मंडळ होते. त्यांनी बावन्न रिसाले लिहिले. त्यांच्या मांडणीत खनिज, वनस्पती, प्राणी, माणूस आणि त्यावर फरिश्ते अशी क्रमवारी आहे. वनस्पतींत सर्वांत वरचे स्थान खजुराच्या झाडाला, कारण त्यात नर-मादी असा भेद असतो. म्हणून ते प्राण्यांच्या उंबरठ्यावर उभे. माकड माणसाच्या उंबरठ्यावर. इब्न मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी हीच कल्पना पुढे नेली. तेराव्या शतकात मौलाना रूमींनी मसनवीत माणसाचा खनिजापासून फरिश्त्यापर्यंतचा आणि त्याही पलीकडचा प्रवास सांगितला.

या आधारावर आपल्या व्यासपीठांवरून एक वाक्य वारंवार ऐकू येते : डार्विनच्या आठ-नऊशे वर्षे आधी आमच्या विद्वानांनी हे सांगून ठेवले होते. याला पाश्चात्त्यांचाही हातभार लागला आहे. १८६० मध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्स्ली यांची जी प्रसिद्ध चकमक झाली, ती ज्या निबंधवाचनानंतर झाली तो निबंध जॉन विल्यम ड्रेपर यांचा होता. याच ड्रेपरने १८७४ मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षावरील आपल्या पुस्तकात माणूस खालच्या रूपांतून वर आला या विचाराचा उल्लेख ‘मुसलमानी सिद्धांत’ असा केला. आपल्याला ते सुखावते. पण इख्वानांची शिडी ही दर्जांची मांडणी आहे. तिच्यावर सगळे एकाच वेळी आपापल्या पायरीवर हजर आहेत; खजुराच्या पोटी घोडा जन्मला असे तिच्यात कोणी म्हणत नाही. रूमींचा प्रवासी तर आत्मा आहे. त्याची मंजिल ठरलेली आहे आणि ती खुदाजवळ आहे. डार्विनच्या झाडाला मंजिल नाही. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणण्यात रूमींवरही अन्याय होतो आणि डार्विनवरही.

मात्र त्याच इख्वानांनी एक गोष्टही लिहिली. ती आपण अभिमानाने सांगत नाही, आणि ती सांगायला हवी.

एक जहाज वादळात सापडून एका बेटाला लागते. बेटावर जिन्नांचा न्यायी बादशहा राज्य करतो. उतरलेली माणसे तिथल्या जनावरांना पकडून कामाला जुंपू लागतात आणि जनावरे बादशहाच्या दरबारी फिर्याद नेतात. मग मोठा खटला उभा राहतो. माणसे म्हणतात, आम्ही मालक, हे गुलाम. आमचा बांधा ताठ, आमचे अवयव प्रमाणबद्ध. खेचर उत्तर देते की प्रत्येकाचा बांधा त्याच्या गरजेप्रमाणे आहे; उंटाचे पाय लांब म्हणून मान लांब, नाहीतर जमिनीवरचा चारा त्याने खायचा कसा? माणसे कारागिरी सांगतात, तेव्हा मधमाशांचा प्रतिनिधी परकाराशिवाय बांधलेले षटकोनी घर दाखवतो. माणसे तलम वस्त्रे दाखवतात. ते रेशीम किड्याच्या तोंडचे असते. माणसे म्हणतात की आमच्याकडे पैगंबर आले. उत्तर येते की वैद्य आजाऱ्याच्या घरी जातो. शेवटी हिजाजचा एक वक्ता उठतो आणि मृत्यूनंतरच्या जीवनाची, आखिरतची बाब काढतो. त्यावर जनावरे गप्प होतात आणि निकाल माणसाच्या बाजूने लागतो.

निकालाने आजच्या वाचकाचे समाधान होईलच असे नाही. पण मधली शेकडो वाक्ये विसरता येत नाहीत. शरीर, बुद्धी, कला, राज्य, संपत्ती यांपैकी एकही आधार दरबारात टिकत नाही. माणसाकडे उरते ते एवढेच, की त्याला हिशोब द्यायचा आहे. शिडी रचणाऱ्यांनीच शिडीला विचारलेला हा प्रश्न आहे. मौलवी इकराम अली यांनी १८१० मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात या गोष्टीचे उर्दू भाषांतर केले, आणि कंपनी सरकारचे इंग्रज अधिकारी उर्दू शिकण्यासाठी ते वाचू लागले. हाताखालच्यांवर हुकूमत कशाच्या आधारावर, असे विचारणारे पुस्तक राज्यकर्त्यांनी केवळ व्याकरणासाठी वाचावे, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे.

त्याच राज्यकर्त्यांच्या देशात डार्विननंतर निराळ्या गोष्टी लिहिल्या जाऊ लागल्या. चार्ल्स किंग्जली या पाद्री लेखकाच्या १८६३ च्या बालकथेत एक आळशी लोकजात येते. कष्ट न करता खात राहिल्यामुळे ती पिढ्यान्‌पिढ्या घसरत माकड बनते, आणि तिचा शेवटचा जीव एका प्रवाशाच्या बंदुकीला बळी पडतो. मुलांना सांगितलेला बोध असा की परिश्रमी वर चढतो, आळशी खाली जातो. हाच लेखक १८६० मध्ये आयर्लंडला गेला, तेव्हा तिथली भुकेली गरीब माणसे त्याला गोऱ्या चिंपांझींसारखी दिसली आणि तसे त्याने पत्नीला पत्रात कळवले. दुष्काळातून वाचलेल्या लोकांची गरिबी त्याने शिडीच्या खालच्या पायरीवर टाकून दिली.

१८७१ मध्ये बुल्वर-लिटन यांची एक कादंबरी आली. खाणीतून खोल उतरलेल्या एका अमेरिकन प्रवाशाला पाताळात आपल्यापेक्षा कितीतरी प्रगत मानववंश भेटतो. त्या लोकांकडे ‘व्रिल’ नावाची सर्वसमर्थ शक्ती आहे. कमी प्रगत लोकांना ते रानटी समजतात आणि गरज पडली तर निर्विकारपणे नष्ट करतात. एक दिवस ते वर येतील आणि आपली जागा घेतील, या भीतीवर पुस्तक संपते. लेखकाला उपरोध साधायचा होता. पण त्या भीतीत एक कबुली दडलेली आहे : वरच्या पायरीवरचे खालच्यांशी कसे वागतात, हे इंग्रज वाचकाला पक्के ठाऊक होते.

ही कबुली सर्वांत स्पष्टपणे दिली ती एच. जी. वेल्सने. तो हक्स्लीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला होता आणि अवनती हाही उत्क्रांतीचाच भाग असतो हे त्याला माहीत होते. १८९५ च्या त्याच्या कादंबरीत कालयंत्रातून प्रवास करणारा माणूस सन ८०२७०१ मध्ये पोहोचतो. शिडीवर विश्वास असल्याने त्याला तिथे महामानव भेटण्याची अपेक्षा असते. भेटतात ते दोन वंश. उजेडात बागडणारे, बुद्धी हरवलेले, नाजूक एलॉय हे जुन्या धनिकांचे वारस. जमिनीखाली यंत्रे चालवणारे मॉरलॉक हे जुन्या कामगारांचे. रात्री मॉरलॉक वर येतात आणि एलॉयांना खातात. आणखी पुढे गेल्यावर प्रवाशाला विझत चाललेल्या सूर्याखाली खेकड्यासारखे प्राणी दिसतात. माणूस कुठेच नसतो.

तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, वेल्सने मंगळवासीयांना इंग्लंडवर आणले. त्या कादंबरीच्या आरंभीच तो वाचकांना टास्मानियाच्या लोकांची आठवण देतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी त्यांचा संहार केला. मग मंगळवासी आपल्याशी तसेच वागले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची? इथे खेचराचा प्रश्न लंडनमध्ये पोहोचलेला दिसतो. वेल्सने इख्वानांची गोष्ट वाचली होती असा माझा दावा नाही. पण शिडी मानली की आपल्यावरही कोणीतरी असणार, हा तर्क दोन्हीकडे सारखाच आहे. पुढे वेल्सने स्वतःच शिस्तबद्ध जागतिक राज्याची स्वप्ने रंगवली आणि १९०१ च्या एका पुस्तकात ‘अकार्यक्षम’ ठरलेल्या काळ्या-पिवळ्या लोकांना भविष्यात जागा नाकारली, हेही विसरता येत नाही. शिडीचा मोह इतका मोठा असतो.

विसाव्या शतकात शिडी अधिक उंच झाली. शॉच्या १९२१ च्या नाट्यमालिकेत सन ३१९२० मधले दीर्घायुषी वृद्ध देह टाकून निव्वळ विचार होऊ पाहतात. आर्थर क्लार्कच्या १९५३ च्या कादंबरीत मानवजातीची शेवटची मुले एका विश्वमनात विलीन होतात आणि पृथ्वी संपते. देव वजा केला तरी मंजिल राहिलीच. अपवाद ओलाफ स्टेपलडनचा. त्याच्या १९३० च्या पुस्तकात एकामागून एक अठरा मानवजाती येतात, चढतात, कोसळतात, आणि कोणाच्याच चढण्याला शेवटचा शिक्का नसतो.

त्याच १९३० मध्ये इक्बालांची मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ येथील व्याख्याने ग्रंथरूपाने आली. इक्बाल रूमींचे शिष्य. त्यांना हेतुशून्य विश्व मान्य होणे शक्य नव्हते. तरीही त्यांनी आधीच ठरवलेला शेवटचा मुक्काम नाकारला. सर्व काही पूर्वनियोजित असेल तर काळ खोटा ठरतो आणि माणसाचे स्वातंत्र्यही, असे त्यांचे म्हणणे. जीवन चालता चालता आपली उद्दिष्टे घडवते. हा डार्विन नव्हे. पण ही शिडीही नव्हे. ‘आम्ही आधी सांगितले’ या फुशारकीपेक्षा हा वारसा मोलाचा आहे.

हे सगळे आज आठवण्याचे कारण एक साधा शब्द आहे : ‘मागासलेला’. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षण, नोकऱ्या आणि बँकांचे कर्ज यांत मुस्लिम समाज किती वंचित आहे हे आकड्यांनी दाखवले. आकडे खरे आहेत आणि त्यांवर उपाय मागणे हा आपला हक्क आहे. पण त्या आकड्यांवरून कोणी म्हणते की हा समाज अजून मध्ययुगात आहे, तेव्हा आकडे बाजूला पडतात आणि किंग्जलीची बालकथा सुरू होते. शाळा किती अंतरावर आहे, बँकेने अर्ज का परत केला, हे मग कोणी विचारत नाही. आपणही निर्दोष नाही. अशराफ-अजलाफची उतरंड आपल्या वस्त्यांत आहे, आणि कसाई, पिंजारी, बागवान यांच्याकडे कोणत्या पायरीवरून पाहिले जाते हे आपल्याला चांगले माहीत आहे.

झाडावर आज जिवंत असलेली प्रत्येक फांदी तितक्याच काळाचा प्रवास करून आलेली असते. बेडूक हा अर्धवट राहिलेला माणूस नव्हे. जिन्नांच्या दरबारात बेडकालाही बोलायची पाळी मिळाली होती आणि सर्वांनी ते ऐकून घेतले होते. आपल्या मुलांना विज्ञानाच्या पुस्तकातला इर्तिकाचा धडा समजावताना ही गोष्टही त्यांना सांगावी.