रक्त जिथे रेंगाळते

देवीच्या लशीमुळे एडवर्ड जेन्नरचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पण त्याने एक गोष्ट कित्येक वर्षे मनातच ठेवली होती, ती फारशी कोणी सांगत नाही. छातीत कळा येऊन दगावलेल्यांची शवे तपासताना हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या, म्हणजे धमन्या, हाडासारख्या कठीण झालेल्या त्याला आढळल्या. त्याचे गुरू जॉन हंटर यांना तशाच कळा येत. गुरूला हे सांगावे कोणत्या तोंडाने? जेन्नर गप्प राहिला. १७९३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील सभेत खडाजंगी झाली, आणि हंटर कोसळले ते पुन्हा उठलेच नाहीत. शवविच्छेदनात त्यांच्याही रोहिण्या तशाच निघाल्या.

हे किटण येते कशाचे, याचा शोध पुढे पुष्कळ झाला. १९१३ साली रशियात अनिचकोव्हने सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत तसेच थर आणून दाखवले. आपल्या तुपाच्या वाटीकडे आज जी वक्रदृष्टी आहे तिचे मूळ तिथवर जाते. असो. मला मात्र दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटत आला आहे. रक्त तर सर्वांगात एकच फिरते. मग थर ठरावीक जागीच का? रोहिणीला फाटा फुटतो तिथे समोरच्या कडेला आणि वळणाच्या आतल्या अंगाला तो आधी धरतो, सरळ भाग कित्येक वर्षे स्वच्छ राहतो. रक्तात काय आहे एवढे पाहून भागत नाही, ते वाहते कसे हेही पाहावे लागते.

वाहते रक्त भिंतीवर दोन प्रकारचे बळ लावते. एक बाहेर रेटणारा दाब. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी घालून रक्त आठ फुटांवर चढते असे नोंदवले, तो हाच. दुसरे बळ भिंतीला लगटून जाणाऱ्या रक्ताच्या घर्षणाचे. दाबाच्या मानाने ते हजारो पटींनी क्षीण, म्हणून बराच काळ कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

१९६८ साली अमेरिकेत डोनाल्ड फ्राय यांनी कुत्र्यांच्या महारोहिणीत हे घर्षण फार वाढवले, तेव्हा आतल्या अस्तराच्या पेशी जखमी होऊन गळून पडल्या. व्यवहारबुद्धीला पटेल असेच हे: मार बसेल तिथे जखम, जखम तिथे खपली. पण पुढच्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या रोहिण्यांतील थरांच्या जागा प्रवाहाशी ताडून नेमके उलटे सांगितले. घर्षण जिथे कमी, थर तिथे! १९८३ साली शिकागोच्या झारिन्स आणि ग्लागोव्ह यांनी, गिडन्स यांच्यासह, मानेतल्या रोहिणीच्या फाट्याची प्रतिकृती करून पाहिली. तिथेही कौल कॅरोंच्याच बाजूने पडला.

नदीच्या वळणावर आतल्या काठाला गाळ बसतो, तसेच हे, असे वाचकाच्या मनात येईल. माझ्याही आले होते, पण ही उपमा अर्ध्या वाटेवरच सोडावी लागते. किटण गाळासारखे नुसते तळाशी बसत नाही. अस्तराच्या पेशींना प्रवाह कळतो. एका दिशेने नेटाने वाहणाऱ्या रक्ताखाली त्या लांबट होऊन प्रवाहाच्या रोखाने शिस्तीत पहुडतात. रक्त रेंगाळते, मागेपुढे हेलकावते तिथे त्या आखूड, विस्कळीत होतात, त्यांच्यातून कोलेस्टेरॉल आत झिरपते, आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना त्या जणू बोलावणेच धाडतात.

शरीरही काही स्वस्थ बसत नाही. १९८७ साली ग्लागोव्ह यांनी दाखवले की थर वाढू लागला की हृदयाची रोहिणी बाहेरून फुगते आणि आतली वाट मोकळी राखते. थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापल्यावर मग वाट अरुंद होऊ लागते. म्हणूनच नुसती आतली वाट दाखवणाऱ्या चित्रात रोग पुष्कळदा दिसतच नाही.

आणि वाट एकदा अरुंद झाली की त्या चिंचोळ्या खिंडीत रक्त धावू लागते, घर्षण वाढते. जुना थर फुटतो, वर गुठळी धरते आणि झटका येतो, त्यात या वाढलेल्या घर्षणाचा हात किती, यावर संशोधकांचा खल अजून चालू आहे. फ्राय यांचा प्रश्न असा दुसऱ्या दाराने परत आला आहे.